कालव्याची वाढ व जुने मोजणी नकाशे
पूर्णा प्रकल्पात येलदरी धरणाचे पाणी सिद्धेश्वर धरणात येते. तेथून निघणारा कालवा नांदेड जिल्ह्यापर्यंत जमीन भिजवितो. कालवा वाढवावयाचा झाल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे प्रथम पाहतात. नांदेड शहर ५६ ई, तर लातूर ५६ बी या नकाशात येते. इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांत समोच्च रेषा सामान्यतः ५० फुटांच्या अंतराने असत. त्यांवरून चढ, उतार व नाले कळतात. परंतु कालव्याचा उतार मैलास फूट-दोन फूट असल्याने अमुक शेतास पाणी पोहोचेल किंवा कसे, हे ठरत नाही. त्याकरिता पातळीयंत्राने नवी मोजणी करावी लागते. पातळीच्या खुणेचा दगड हलल्यास पुढील मोजणी चुकते व शेत कोरडे राहू शकते. म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी हे दगड जपावेत.