नासाग्रसनी आणि घशाचे कर्करोग : रुग्णांसाठी सविस्तर ओळख

‘घशाचा कर्करोग’ हे नाव आपण सरसकट वापरतो. वैद्यकशास्त्रात मात्र या एका नावाखाली चार निरनिराळे आजार येतात. त्यांची कारणे वेगळी, लक्षणे वेगळी, आणि उपचारांची दिशाही वेगळी. गाठ नेमकी कोठे उगवली हे कळले की पुढच्या बहुतेक प्रश्नांचा उलगडा त्यातूनच होऊ लागतो. म्हणून रुग्णाने व घरच्यांनी आधी आजाराचे ठिकाण समजून घेणे हिताचे असते. या लेखात नासाग्रसनीच्या कर्करोगावर अधिक भर दिला आहे, कारण चौघांत तो सर्वांत आडजागी दडलेला आणि तरीही उपचारांना उत्तम दाद देणारा आहे.

कवटीच्या तळापासून अन्ननलिकेच्या मुखापर्यंत उतरणारी, सुमारे १२ ते १४ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी म्हणजे ग्रसनी. तिचे तीन भाग मानतात. नाकाच्या मागे, मऊ टाळूच्या वर असलेला भाग म्हणजे नासाग्रसनी. तोंड उघडल्यावर समोर दिसणारा, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ सामावणारा मधला भाग म्हणजे मुखग्रसनी. त्याखाली, स्वरयंत्राच्या मागे व दोन्ही अंगांना असतो तो अधोग्रसनीचा भाग. चौथा शेजारी म्हणजे स्वतः स्वरयंत्र. नासाग्रसनीच्या दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या यूस्टेशियन नलिकांची तोंडे उघडतात. त्यांच्या मागच्या अंगाला एक खोलगट कोनाडा असतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रोझेनम्युलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. नासाग्रसनीचा कर्करोग बहुधा याच कोनाड्यात जन्म घेतो. टॉर्च लावून आ करायला सांगणाऱ्या तपासणीत ही जागा दिसत नाही.

घशातील बहुतेक कर्करोग आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून निर्माण होतात. नासाग्रसनीच्या कर्करोगाचे सूक्ष्मदर्शकाखालील स्वरूप पाहून जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे तीन प्रकार केले आहेत: केराटिनयुक्त, केराटिनरहित आणि क्वचित आढळणारा बेसलॉइड. जेथे हा आजार जास्त आहे अशा प्रदेशांत केराटिनरहित प्रकारच प्रामुख्याने दिसतो. तो किरणोपचारांना विशेष संवेदनशील असतो. बायॉप्सीच्या अहवालात रुग्णाला जो लांबलचक शब्द दिसतो, तो या वर्गीकरणातला असतो.

केराटिनरहित प्रकाराचा संबंध एका विषाणूशी आहे. १९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, बर्ट आचाँग आणि इव्होन बार यांनी आफ्रिकेतील मुलांच्या बर्किट लिम्फोमा या गाठीच्या पेशींत तो प्रथम पाहिला. पुढे एपस्टाइन-बार या नावाने तो ओळखला जाऊ लागला. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. म्हणजे विषाणू एकटा पुरेसा नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, आहार आणि धूर यांची जोड लागते. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या विषाणूची नोंद मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली. रुग्णाच्या ताटवाटीमुळे किंवा सहवासामुळे घरच्यांना कर्करोग होत नाही, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे. भांडी वेगळी ठेवण्याचे काहीही कारण नाही.

या आजाराचा भूगोल विलक्षण आहे. २०२० मध्ये जगभरात त्याचे सुमारे १,३३,००० नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक पूर्व व आग्नेय आशियातील होते. चीनचे ग्वांगडोंग व ग्वांगशी हे प्रांत आणि हाँगकाँग ही त्याची मुख्य क्षेत्रे. उत्तर आफ्रिकेत आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांतही तो बराच आढळतो. लहानपणापासून खाल्ल्या जाणाऱ्या कँटोनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीकडे हाँगकाँगचे किरणोपचारतज्ज्ञ डॉ. जॉन हो यांनी लक्ष वेधले. आज ती सिद्ध कर्ककारक मानली जाते. भारतात हा कर्करोग एकंदरीत दुर्मिळ आहे. नागालँड, मणिपूर व मिझोरम ही राज्ये मात्र त्याला अपवाद आहेत. तेथे धूर दिलेले मांस आणि धुराने भरणारी स्वयंपाकघरे यांचा अभ्यास या संदर्भात झाला आहे. पुरुषांत हा आजार स्त्रियांच्या दोन ते तीन पट आढळतो. तो क्वचित किशोरवयीन मुलांतही होतो.

उरलेल्या तिघांची कारणे आपल्या अधिक परिचयाची आहेत. विडी-सिगारेट, तंबाखू आणि मद्य हे स्वरयंत्र व अधोग्रसनीचे प्रमुख शत्रू होत. तंबाखू व मद्य एकत्र आले की धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावण्याची सवय अनेक घरांत अद्याप टिकून आहे. मुखग्रसनीच्या कर्करोगाला मानवी पॅपिलोमा विषाणूही कारणीभूत ठरतो. पाश्चात्त्य देशांत आता तेच त्याचे प्रमुख कारण झाले आहे. भारतात अजून तंबाखूचा वाटा मोठा आहे.

नासाग्रसनीच्या कर्करोगाची लक्षणे घशापेक्षा आजूबाजूलाच अधिक दिसतात. सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे मानेच्या वरच्या भागात, कानाखाली येणारी न दुखणारी गाठ. यूस्टेशियन नलिकेचे तोंड दाबले गेले की एका कानाला दडे बसतात, कमी ऐकू येते किंवा कानात आवाज येत राहतो. नाक एका बाजूने चोंदते. सकाळी खाकरून थुंकताना कफात रक्ताची रेघ दिसते. आजार कवटीच्या तळाशी पोहोचला तर डोकेदुखी, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा गालाला बधिरपणा येणे ही लक्षणे उमटतात. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटले की क्षयाच्या गंडमाळांची शंका आधी येते, आणि ती रास्तही असते. मात्र सुईने घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीविना क्षयाची औषधे सुरू झाली, तर मोलाचे महिने हातचे जातात. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात विनाकारण पाणी साठत असेल, तर नाकामागची जागा दुर्बिणीतून पाहिलीच पाहिजे.

स्वरयंत्राचा आजार आवाजातून कळतो. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा तपासून घ्यावा. स्वररज्जूंवरची बारीक गाठही आवाज बदलते, त्यामुळे हा कर्करोग पुष्कळदा लवकर सापडतो. मुखग्रसनीच्या आजारात गिळताना दुखते, घशात काही अडकल्यासारखे वाटते आणि दुखणे कानापर्यंत जाते. अधोग्रसनीचा कर्करोग मात्र दीर्घकाळ मूक राहतो आणि अन्न अडकू लागल्यावरच बहुधा लक्षात येतो.

घशाच्या आत डोकावण्याची विद्या एका गायनशिक्षकाने सुलभ केली. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र हलताना पाहिले. आज नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण तेच काम काही मिनिटांत करते. निदान मात्र बायॉप्सीवरच ठरते, आणि नमुना कोठून घेतला याला फार महत्त्व असते. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रातील ऊतकाचे नमुने १८८७ मध्ये थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को यांनी तपासले तेव्हा त्यांत कर्करोग आढळला नाही. पुढच्या वर्षी सम्राट झालेले फ्रेडरिक ९९ दिवसांच्या राजवटीनंतर त्याच रोगाने निवर्तले. नासाग्रसनीतील गाठही कधी अस्तराखाली वाढते आणि वरवरचा तुकडा निर्दोष निघतो. तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा बायॉप्सी सुचवल्यास ती हलगर्जी समजू नये.

निदान झाल्यावर एमआरआय आणि गरजेनुसार पेट-स्कॅन करून आजाराचा टप्पा ठरवतात. अहवालातील ‘टी’ हे अक्षर मूळ गाठीचा विस्तार सांगते, ‘एन’ मानेतील लसीका ग्रंथींची स्थिती, आणि ‘एम’ दूरच्या अवयवांतील प्रसार. नासाग्रसनीसाठी ही मोजपट्टी स्वतंत्र आहे. मानेत लहान गाठी असूनही येथे आजार आरंभीच्या टप्प्यात गणला जाऊ शकतो. म्हणून स्वरयंत्राच्या रुग्णाचा टप्पा आणि आपला टप्पा यांची तुलना करून घाबरणे व्यर्थ असते.

कवटीच्या तळाशी शस्त्र पोहोचणे अवघड, आणि गाठ किरणांना संवेदनशील. या दोन कारणांमुळे नासाग्रसनीच्या कर्करोगावर किरणोपचार (रेडिएशन) हाच मुख्य उपाय आहे. साधारणतः ७० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) इतकी मात्रा ३३ ते ३५ हप्त्यांत, आठवड्याचे पाच दिवस, सुमारे सात आठवडे दिली जाते. आरंभीच्या टप्प्यात केवळ रेडिएशन पुरते. आजार पुढे गेला असल्यास सिस्प्लॅटिन या औषधाची केमो सोबत देतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या जोडीमुळे तीन वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले. आता पुष्कळ ठिकाणी रेडिएशनच्या आधी जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन देण्याची पद्धत आहे. पसरलेल्या आजारात प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधेही वापरात आली आहेत.

रेडिएशनची पूर्वतयारी रुग्णाला अनोळखी वाटते. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर व खांद्यांपर्यंत अंथरतात. ऊबदार ओलसर स्पर्श होतो, आणि काही मिनिटांत तो मुखवट्यासारखा घट्ट होतो. रोज हाच मुखवटा टेबलाला अडकवून डोके स्थिर ठेवतात, कारण शेजारीच मेंदूचा बुंधा, दृष्टिचेता आणि लाळग्रंथी असतात. आधुनिक यंत्र किरणांची तीव्रता कोनागणिक बदलून या अवयवांना वाचवते. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असतो आणि त्या वेळी दुखत नाही. जाळीतून श्वास मोकळा घेता येतो. बंदिस्तपणाची भीती वाटत असेल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगावे.

इतर तीन ठिकाणी शस्त्रक्रिया, लेसर, रेडिएशन यांची निवड टप्प्यानुसार होते. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र प्रथम काढले. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने केमो व रेडिएशनच्या साहाय्याने ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचवता येते, आणि त्यामुळे आयुर्मान घटत नाही, हे दाखवले. स्वरयंत्र काढावेच लागले तरी वाणी कायमची जात नाही. श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये छोटी झडप बसवून रुग्ण पुन्हा बोलू शकतो. बंगळुरूचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी अशी झडप अवघ्या ५० रुपयांत उपलब्ध व्हावी अशा रीतीने विकसित केली.

उपचारांचे दुष्परिणाम ठाऊक असले की ते सोसणे सुकर होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते, लाळ आटते. तिखट, आंबट व कोरडे पदार्थ टाळून मऊ खिचडी, नाचणीची पेज, दूध, अंडी असा पौष्टिक आहार घ्यावा. वजन फार घटू लागल्यास काही काळ नाकातून नळी टाकतात. तो उपचारांचाच भाग आहे. किडलेले दात रेडिएशनपूर्वी काढून जखम भरू द्यावी. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावेत. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडे व श्रवण यांवर ताण येतो, म्हणून रक्ताच्या आणि कानाच्या तपासण्या चुकवू नयेत. महाराष्ट्रातील पात्र रुग्णांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाचा आधार मिळू शकतो.

लवकर निदानाचे मोल हाँगकाँगमधील एका अभ्यासातून दिसून आले. तेथे सुमारे २०,००० निरोगी पुरुषांच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणूच्या डीएनएचा शोध घेण्यात आला. त्यातून नासाग्रसनीच्या कर्करोगाचे ३४ रुग्ण सापडले, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के पहिल्या दोन टप्प्यांतच होते. एरवी हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असते. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हीच रक्ततपासणी उपचारानंतर आजार उलटला का हे पाहण्यासही उपयोगी पडते.

आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असल्याने त्या काळात ठरलेल्या भेटी नियमित पाळाव्यात. मानेवरील रेडिएशनमुळे थायरॉइड हळूहळू मंदावू शकतो. थकवा आजाराचाच समजून सोडून न देता दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. बायॉप्सीचा अहवाल, स्कॅनच्या प्रती आणि किती ग्रे मात्रा कोणत्या भागाला मिळाली याचा सारांश आयुष्यभर जपून ठेवावा. दहा वर्षांनी एखादी दाढ काढण्याची वेळ आली, तरी दंतवैद्याला आधी हाच कागद दाखवावा लागतो. किरण लागलेल्या जबड्यातील जखम सहजी भरत नाही, आणि दाढ काढावी की वाचवावी, याचा निर्णय त्या आकड्यावर अवलंबून असतो.