उघड्या दाराची वहिवाट

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर उभ्या असलेल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चचा दर्शनी भाग न्याहाळणाऱ्यास, येथे वाटेवरच्या निराश्रितानेही निःसंकोच पाऊल टाकावे असा त्याच्या निर्मात्यांचा हेतू असेल, असे सहसा वाटणार नाही. सहा उत्तुंग कोरिंथियन स्तंभ, त्यांवरील त्रिकोणी शिरोभागात कोरलेले पहिल्या जॉर्ज राजाचे राजचिन्ह आणि त्यामागून वर गेलेला सुमारे १९० फुटांचा मनोरा, या साऱ्यांतून राजवैभवाचा दिमाखच प्रकट होतो. १७२६ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा शिल्पकार जेम्स गिब्ज हा स्कॉटलंडचा आणि धर्माने रोमन कॅथलिक. त्याने १७२८ साली आपल्या आराखड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर त्याचे नकाशे दर्यापार गेले आणि कलकत्त्याचे सेंट जॉन्स, मद्रासचे सेंट अँड्र्यूज अशी चर्चे याच नमुन्यावरून उभी राहिली. ज्या वास्तूचा घाट साम्राज्याने आपल्या वसाहतींतून मिरवला, तिनेच पुढे निराश्रितांचे आश्रयस्थान म्हणून लौकिक मिळवावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

ही नवी ओळख कोणा सल्लागाराच्या दप्तरात तयार झाली नाही. १९१४ साली, महायुद्धाला तोंड लागले असता, डिक शेपर्ड हे येथे प्रमुख धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले. फ्रान्सच्या आघाडीवर जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या सैनिकांची जवळच्याच चेरिंग क्रॉस स्टेशनावर रीघ लागलेली असे. त्यांना रात्री क्षणभर टेकावयास जागा मिळावी म्हणून शेपर्ड यांनी चर्चचे दार अहोरात्र उघडे ठेवण्याची तजवीज केली, आणि युद्ध संपल्यावर सैनिकांच्या जागी बेघर व बेकार आले तरी ते दार मिटले नाही. ६ जानेवारी १९२४ रोजी येथील उपासना नभोवाणीवरून प्रक्षेपित झाली, तेव्हा ज्यांनी या चर्चचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्यांच्याही घरात त्याचा आवाज पोहोचला. रोमन सैनिक असता एका भिकाऱ्यास आपला अर्धा झगा कापून देणारा संत मार्टिन या चर्चचा अधिष्ठाता. त्याच्या नावाला साजेसे आचरण अशा रीतीने सुरू झाले. १९६६ साली बेघरांसाठी झगडणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेचा प्रारंभ याच वास्तूत झाला, यात म्हणूनच नवल नाही.

तथापि आचरण बदलले तरी इमारत जुनीच राहते, आणि परक्या माणसाची पहिली गाठ पडते ती इमारतीशी. जेथे पूर्वी मृतांना पुरीत असत, त्या विटांच्या कमानींच्या तळघरात उपाहारगृह थाटले गेले. त्याचे आणि मैफलींचे उत्पन्न चर्चच्या खर्चास हातभार लावू लागले. देवाच्या घरी चहाचा गल्ला कशास, असा आक्षेप यावर सहज घेता येईल. परंतु जेथे आत येण्यासाठी श्रद्धेचा दाखला लागत नाही, एक पेला चहा पुरतो, तेथे संकोची माणसाचे पाऊल अधिक सहज पडते, हेही तितकेच खरे. सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड खर्चून २००८ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात वास्तुविशारद एरिक पॅरी यांनी चर्चच्या उत्तर बाजूस काचेचा प्रवेशमंडप उभारला आणि भूगर्भातील दालनांत वरून उजेड आणला. गिब्जच्या स्तंभांस धक्का न लावता, राजचिन्हाखालून न जाताही आत शिरता येईल अशी दुसरी वाट त्यामुळे सर्वांस खुली झाली.

त्याच वर्षी वेदीमागील पूर्वेच्या खिडकीस नवी काच बसली. मूळ काच दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली होती. नवे काम सोपविले गेले ते इराणातील शिराझ येथे जन्मलेल्या शिराझेह हूशियारी या कलावतीकडे. तिने संतांची चित्रे वा बायबलमधील प्रसंग रंगविले नाहीत. पोलादी चौकटीच्या सरळ रेषा मध्यावरील तिरप्या लंबवर्तुळाभोवती, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबाप्रमाणे वाकविल्या आणि त्या वाकण्यातूनच क्रूस सूचित केला. श्रद्धावंतास त्यात क्रूस दिसतो; इतरांस निदान प्रकाश तरी दिसतो, आणि कोणासही परके वाटत नाही. ही खिडकी आज या चर्चची एक परिचित खूण आहे.

२०१७ साली येथूनच ‘हार्टएज’ नावाचे चर्चांचे जाळे विणले जाऊ लागले. करुणा, संस्कृती, व्यवहार आणि उपासकमंडळी ही त्याची चार अंगे. आपापल्या जुन्या वास्तूंना स्वागतशील रूप देऊ पाहणाऱ्या मंडळींनी येथे येऊन शिकावे असे पुष्कळ आहे. मात्र त्यांनी कालानुक्रम ध्यानी धरला पाहिजे. येथे दार उघडले १९१४ नंतर आणि काचेचा मंडप उभा राहिला २००८ मध्ये. नऊ दशकांच्या वहिवाटीने जो हक्क प्रस्थापित झाला होता, त्याची नोंद वास्तूने नंतर केली. हा क्रम उलटा करून आधी बोधचिन्ह रंगवावयाचे आणि मग दाराची कुलपे तशीच ठेवावयाची, अशाने पाटीवरील स्वागताचा शब्द बाहेर थांबलेल्या माणसास अपमानासारखाच वाटेल.