जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर : पुढचे आणि मागचे माप कसे ठरवावे?

टायरचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. पंक्चर काढण्यापासून व्हील अलाइनमेंटपर्यंतची कामे करणारे आपले अनेक बांधव मुंबई-पुण्यात आहेत, तसेच दुबई-शारजाच्या गॅरेजमध्येही आहेत. रोजच्या गाड्यांची मापे त्यांना तोंडपाठ असतात. परंतु एखाद्या दिवशी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार दुकानासमोर उभी राहते आणि मालक म्हणतो, "चारही टायर बदला, जरा रुंद घाला, गाडी उठून दिसली पाहिजे." अशा वेळी जे हाताशी आहे ते बसवून देण्याचा मोह होतो. मात्र जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पुढच्या व मागच्या टायरचे नाते बिघडले तर भर वेगात वळणावर गाडी गिरकी घेऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

मापाचे आकडे काय सांगतात?

समजा टायरवर १८५/७० आर १५ असे लिहिले आहे. त्यातील १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ७० टक्के आहे. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. जुन्या टायरवर कधी कधी फक्त १६५-१५ एवढेच असते. तेथे भिंतीची उंची रुंदीच्या सुमारे ८० टक्के धरावी.

यावरून टायरची एकूण उंची काढता येते. १८५ चे ७० टक्के म्हणजे १२९.५. वरची व खालची भिंत मिळून २५९. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की ६४० मिलिमीटर होतात. हा हिशेब ज्याला आला त्याचे निम्मे काम झाले.

पोर्शे ९११ चे उदाहरण

मापाचा हा विषय समजावण्यासाठी जर्मनीच्या पोर्शे ९११ सारखे दुसरे चांगले उदाहरण नाही. ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे, अगदी शेपटाशी बसवलेले असते. त्यामुळे गाडीचे सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आणि ४० टक्के पुढच्या चाकांवर पडते. सुरुवातीच्या गाड्यांना चारही बाजूंना १६५-१५ हे एकच अरुंद माप होते.

या गाडीची एक खोड लवकरच सर्वांना कळली. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला तर वजन पुढे सरकते, मागच्या टायरवरचा दाब कमी होतो आणि जड शेपूट बाहेर फेकले जाते. दोरीला बांधलेला दगड फिरवला असता तो बाहेर ओढ घेतो, तसाच हा प्रकार. कंपनीने काही काळ पुढच्या बंपरमध्ये वजने बसवून पाहिली. नंतर १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले.

पुढे १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या मॉडेलला कंपनीने पुढे ६ इंच रुंद रिमवर १८५/७० आणि मागे ७ इंच रुंद रिमवर २१५/६० असे वेगवेगळे टायर दिले. जेथे वजन जास्त तेथे रबर जास्त, असा हा साधा विचार होता. मागचा रुंद टायर रस्ता घट्ट धरतो. मग वळणावर मर्यादा ओलांडली गेली तर आधी पुढची चाके किंचित बाहेर सरकू लागतात. स्टेअरिंगवर तो इशारा चालकाला जाणवतो आणि वेग कमी करायला त्याला अवधी मिळतो.

उंचीचे गणित

आता मागच्या टायरची उंची काढून पाहू. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९, दोन्ही भिंती मिळून २५८, अधिक ३८१, म्हणजे ६३९ मिलिमीटर. पुढचा टायर ६४० आणि मागचा ६३९! रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक असूनही उंचीत जवळपास काहीच फरक नाही. पुढे १६ इंची रिम आले तेव्हाही हेच तत्त्व पाळले गेले. १९७८ च्या ९११ टर्बो ३.३ ला पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० असे टायर होते. दोन्हींची उंची सुमारे ६३२ मिलिमीटर भरते.

उंची सारखी राहिली की गाडी सपाट उभी राहते, गिअरचे प्रमाण बिघडत नाही आणि स्पीडोमीटर बरोबर वेग दाखवतो. म्हणून माप बदलावेच लागले तर रुंदी वाढवताना मधला टक्केवारीचा आकडा खाली आणावा आणि एकूण उंची मूळच्या जवळ ठेवावी.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक चारही टायर सारखे घालण्याची. जुनी मापे सहज मिळत नाहीत म्हणून दुकानदार २०५/६० चे चार टायर सुचवतो. मालकालाही ते स्वस्त पडतात. पण हिशेब काय झाला? पुढचा टायर १८५ वरून २०५ झाला आणि मागचा २१५ वरून २०५ वर आला. म्हणजे पुढची पकड वाढली, मागची घटली. जी खोड घालवण्यासाठी कंपनीने मागचे टायर रुंद केले, तीच आपण पैसे घेऊन परत आणली. कोरड्या रस्त्यावर, बेताच्या वेगात काही जाणवणार नाही. पहिल्या पावसात घाटाच्या वळणावर मात्र जाणवेल. शिवाय पुढचा रुंद टायर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासू शकतो.

दुसरी चूक फक्त रुंदी पाहण्याची. २१५/६० मिळत नाही म्हणून मागे २२५/५० आर १५ बसवला जातो. नाव मोठे, टायर रुंद, मालक खूश. परंतु त्याची उंची ६०६ मिलिमीटर म्हणजे मूळपेक्षा ३३ मिलिमीटरने कमी. गाडी मागून सोळा-सतरा मिलिमीटर खाली बसते आणि नाक वर येते. स्पीडोमीटरचा काटा १०० वर असेल तेव्हा खरा वेग सुमारे ९५ असतो. त्याच वेगासाठी इंजिनाला पाच टक्के जास्त फिरावे लागते.

सर्व गाड्यांना एकच नियम नाही

यावरून प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारला मागे रुंद टायर हवेत असा अर्थ काढू नये. १९६१ साली आलेल्या इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपचे इंजिन पुढे असते आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मे निम्मे वाटलेले असते. तिला चारही चाकांना एकच माप दिलेले होते. आधी ६.४०×१५ चे क्रॉसप्लाय आणि नंतर १८५-१५ चे रेडियल. अशा गाडीला केवळ शोभेसाठी मागे रुंद टायर घातले तर ती वळायला जड होते आणि वळणावर पुढून बाहेर जाऊ पाहते. म्हणून आधी गाडीचे इंजिन कोठे आहे व कंपनीने कोणते माप दिले होते ते पाहावे, मग सल्ला द्यावा. क्रॉसप्लाय व रेडियल एका गाडीत मिसळू नयेत. एकाच अॅक्सलवर तर कधीच नाही.

वेग, वजन आणि हवा

मापासोबत वेगाचे अक्षरही पाहावे. टी १९० पर्यंत, एच २१०, व्ही २४० आणि डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरपर्यंत. जुन्या टायरवर मापाच्या मध्येच व्हीआर असे छापलेले असे. त्याचा अर्थ तेव्हा २१० च्या वर एवढाच होता. स्पोर्ट्स कारला मूळपेक्षा कमी अक्षराचा टायर कधीही देऊ नये. वजन पेलण्याचा आकडाही तपासावा. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. रिमची रुंदी टायर कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत असावी.

हवेतही पुढे-मागे फरक असतो. १९७८ ते १९८३ च्या ९११ एससीला १५ इंची टायरसाठी पुढे २९ आणि मागे ३४ पौंड हवा सांगितलेली आहे. सवयीने चारही चाकांत एकसारखी हवा भरणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगावे. वेगवेगळ्या मापाचे टायर पुढचे मागे फिरवता येत नाहीत. बदलताना एका अॅक्सलची जोडी एकदम बदलावी.

टायरचे वय

हौशी गाड्या वर्षाकाठी थोड्याच चालतात. त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण आतून रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तेथे तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा समजावा आणि त्यावर गाडी बाहेर काढू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही चांगली असली तरी टायर बदलावा, असा मिशेलिन कंपनीचा सल्ला आहे.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रसिद्ध अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र पोर्शे कॅरेरा जीटी गाडीच्या अपघातात मरण पावले. बेफाम वेग हे मुख्य कारण तपासात ठरले. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याने गाडीवरील ताब्यात फरक पडला असावा, हेही तपास अधिकाऱ्यांनी नमूद केले.

दुकानदाराची जबाबदारी

जुनी मापे आजही अगदीच दुर्मिळ नाहीत. पिरेली कंपनीने सीएन३६ हा जुना टायर ९११ च्या १८५/७० आणि २१५/६० या मापांत पुन्हा बनवला आहे. ते मागवायला वेळ लागतो, किंमतही जास्त असते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती असते. तरीही, "साहेब, हे माप तुमच्या गाडीचे नाही, थोडे थांबा," असे सांगणेच योग्य. कोठारात अनेक वर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून विकणे हेही मालातील ऐब लपवणेच आहे, आणि ऐब लपवून केलेला सौदा आपल्या दीनमध्ये जायज नाही.

गिऱ्हाईक टायर विकत घेतो तेव्हा तो स्वतःचा आणि शेजारी बसलेल्या माणसाचा जीव आपल्या शब्दावर सोपवतो. ही अमानत आहे. दोन टायर कमी विकले गेले तरी चालेल, पण विकलेला टायर त्या गाडीला बरोबर बसणारा असावा. हलाल रोजीची बरकत त्यातच आहे.