जॉन हार्लीने आगगाडीबरोबर काय नेलं?

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची पहिली नियमावली १८६३ची. तिच्यानुसार चेंडूच्या पुढे उभा असलेला सहकारी ‘ऑफसाइड’ ठरायचा. म्हणजे पुढे पास द्यायचा नाहीच! चेंडू मिळाला की तो पायाशी घोळवत एकट्याने धावत सुटायचं. १८६६ मध्ये हा नियम सैल झाला, तरी इंग्रज खेळाडूंची सवय काही सुटली नाही. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने मात्र नव्या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतला. १८७२च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही जण याच क्लबचे होते. समोरचे इंग्रज अंगापिंडाने थोराड. त्यांना धडका देण्याऐवजी स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे दिला आणि सामना बरोबरीत सोडवला. पुढे हीच स्कॉटलंडची ओळख झाली.

याच ग्लासगोत १८८६ साली जॉन हार्ली जन्मला. तो पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळत नव्हता. तो रेल्वेतला इंजिनिअर. दक्षिण अमेरिकेत तेव्हा ब्रिटिश भांडवलावर रूळ पडत होते, म्हणून विशीत तो अर्जेंटिनाला गेला. तिथे फेरो कारिल ओएस्ते या रेल्वेच्याच क्लबकडून खेळला आणि १९०९ मध्ये मोंटेविडिओत आला. तिथल्या क्लबचं नाव होतं ‘सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब’! क्रिकेटचं नाव लावणारा हाच क्लब पुढे ‘पेन्यारोल’ म्हणून जगभर गाजला.

तिथेही लांब टोला हाणायचा आणि चेंडूमागे पळायचं, हीच रीत होती. हार्ली सेंटर-हाफ, म्हणजे संघाच्या अगदी मध्यावर. लांब टोला हवेत असतो, त्या वेळात बचावपटू हवी ती जागा धरतो. जमिनीलगतचा छोटा पास त्याला ती सवड देत नाही. त्याचं पाऊल वळेपर्यंत चेंडू दुसऱ्याच्या पायात गेलेला असतो, आणि पास देणारा तोवर नव्या मोकळ्या जागेत पोचतो. चेंडू माणसापेक्षा जलद पळतो आणि दमत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर हा सारा खेळ उभा आहे. हार्लीने उसळणारा चेंडू खाली आणला, आजूबाजूच्यांना जवळ बोलावलं. हा बदल त्याने घडवला, असं उरुग्वेत मानतात. तो स्कॉटलंडकडून कधीच खेळला नाही. उरुग्वेकडून मात्र १७ सामने खेळला.

त्याच्या पुढच्या फळीत होसे पिएन्दिबेने नावाचा तरुण होता. दक्षिण अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासातला पहिला गोल १९१६ साली त्याच्याच नावावर लागला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उरुग्वेने युगोस्लाव्हियाला ७–० असं हरवलं, तेव्हा युरोपने हे पासिंग डोळे विस्फारून पाहिलं. मग सुवर्णपदक, १९२८ मध्ये पुन्हा सुवर्णपदक, आणि १९३० मध्ये पहिला विश्वचषक. रस्त्यावरच्या खेळातली चपळाई आणि हुलकावण्या उरुग्वेच्या स्वतःच्याच. स्कॉटिश पासवर त्या अशा बसल्या की मूळ घडवणाऱ्यांनाही तो खेळ आपला वाटू नये.

हे स्कॉटलंडला कळलं १९५४च्या विश्वचषकात. स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये उरुग्वेने त्यांच्यावर सात गोल चढवले. स्कॉटलंडला एकही करता आला नाही. तेव्हा ६८ वर्षांचा असलेला हार्ली कधीचा मोंटेविडिओकर झाला होता.