सी भाषेंतील बदलत्या मापाचीं कोष्टकें

गुणांचें कोष्टक संगणकाकडून करवून घेणें सोपें आहे; परंतु वर्गांत विद्यार्थी किती व विषय किती हें प्रोग्राम लिहितांना ठाऊक नसेल तर काय करावें, हा प्रश्न सी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थिमित्रांस हटकून अडवितो. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत ही भाषा रचिली, तेव्हां कोष्टकाचीं मापें आरंभींच ठराविक आंकड्यांनीं सांगावीं, असा तिचा नियम होता.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संगणकाच्या स्मृतींत आडव्या ओळी व उभे रकाने मुळीं नसतातच. तेथें क्रमांक दिलेल्या खणांची एकच लांब रांग असते. कोष्टक असतें तें आपल्या हिशोबांत. ४० विद्यार्थी व ६ विषय असल्यास २४० खण मागून घ्यावे; पहिल्याचे सहा गुण, त्यामागें दुसऱ्याचे सहा, याप्रमाणें ते भरावे. मोजणी शून्यापासून होते. ओळीच्या क्रमांकास रकान्यांच्या संख्येनें गुणून त्यांत रकान्याचा क्रमांक मिळविला कीं हवा तो खण सांपडतो. ३ क्रमांकाच्या ओळींतील ४ क्रमांकाचा रकाना ३ × ६ + ४, म्हणजे २२ क्रमांकाच्या खणांत असतो. या सूत्रांत ओळींची एकंदर संख्या कोठेंच येत नाहीं, हें चाणाक्ष वाचकांनीं ताडलेंच असेल. म्हणूनच फंक्शनकडे कोष्टक सोंपवितांना ओळी किती हें न सांगितलें तरी चालतें. रकाने किती हें मात्र सांगावेंच लागतें.

आणि ही भाषा कुंपण घालीत नाहीं. रकाने ० ते ५ असतांना पहिल्या ओळींत ६ क्रमांकाचा रकाना मागितला, तर सूत्रानें पुढल्या विद्यार्थ्याचा पहिलाच खण हातीं येतो. एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर चढतात, संगणक चकार शब्द काढीत नाहीं, आणि गुणपत्रक घरीं गेल्यावर पालकांस तें कळतें! मर्यादा तपासणें हें लिहिणाऱ्याचेंच काम होय.

आतां खण मागावे कोठून? १९९९ च्या प्रमाणानें मापांच्या जागीं चल राशि लिहिण्याची मुभा दिली. २०११ सालीं ती पुरविणें कंपायलरांस ऐच्छिक ठरलें. मुभा सोयीची खरी, पण असें कोष्टक बहुधा स्टॅक नांवाच्या तोकड्या जागेंत बसतें. लिनक्सवर ती सामान्यतः ८ मेगाबाइट असते. चार बाइटांच्या अंकांचें २००० × २००० चें कोष्टक १,६०,००,००० बाइट मागतें, आणि प्रोग्राम कोसळतो. मोठ्या कोष्टकासाठीं मॅलॉककडे जागा मागावी, हेंच आम्हांस बरें वाटतें. जागा नसल्यास तें नल पॉइंटर देतें. तो पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

कित्येक पुस्तकांत निराळी रीत असते : आधीं ओळींच्या पत्त्यांची रांग, मग प्रत्येक ओळीस स्वतंत्र जागा. कोणी चार विषय घेतले, कोणी सात, तर ही रीत उत्तम. एरव्हीं ४० ओळींसाठीं ४१ वेळां जागा मागणें व तितक्याच वेळां फ्रीनें परत करणें आलें. परत करतांना प्रथम ओळी व शेवटीं पत्त्यांची रांग, हाच क्रम ठेवावा. उलट केल्यास ओळींचे पत्तेच हरवतात.