आयसी निर्दोष होती!

'आयसी उडाली' हे आपल्या लॅबमधलं सगळ्यांचं लाडकं निदान. मीही तेच केलं आणि व्हायवाच्या आदल्या दोन दिवसांत चार ७४१ बाद केल्या. चारही धडधाकट होत्या!

अकोला म्हणजे डाळ मिलचं गाव. तुरीच्या पोत्यातले भुंगे दाणा पोखरतात, तो बारीक आवाज माइकने पकडायचा, असा आमचा प्रोजेक्ट. सुरुवात म्हणून इव्हॅल्युएशन बोर्डवर ऑप-अँप जोडला.

अशा बोर्डवर दोन्ही इनपुटभोवती रिकामे पॅड असतात. कुठे रेझिस्टर, कुठे कपॅसिटर, कुठे नुसती तार, हे आपण ठरवायचं. इन्व्हर्टिंग हवा तर सिग्नल रेझिस्टरमधून वजा पिनेला आणि अधिक पिन ग्राउंडला. नॉन-इन्व्हर्टिंग हवा तर सिग्नल अधिक पिनेला आणि वजाकडचा रेझिस्टर ग्राउंडला. मी १ किलोओहम आणि फीडबॅकला १० किलोओहम लावले. गेन झाला १ + १० = ११. माइकचा डीसी अडवायला अधिक पिनेआधी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. त्या पिनेपासून ग्राउंडला जाणारा पॅड मात्र रिकामाच ठेवला. म्हटलं, सिग्नल कशाला वाया घालवा?

सप्लाय दिला. आउटपुट शून्यावरून हळूहळू घसरत पंधरा-वीस सेकंदांत खाली जाऊन चिकटलं. आयसी बदलली, तेच. गंमत म्हणजे अधिक पिनेला मल्टिमीटर लावला की आउटपुट उणे ९ व्होल्टपर्यंत वर यायचं!

शेवटी लॅबमधल्या काकांनी विचारलं, "काय रे भाऊ, त्याले ग्राउंडचा रस्ता देल्ला का?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. १९६८ साली फेअरचाइल्डने आणलेल्या ७४१ च्या इनपुटला साधारण ८० नॅनोअँपिअर बायस करंट लागतो. कपॅसिटर डीसी जाऊ देत नाही, म्हणून तो करंट कपॅसिटरमधूनच ओढला जातो. सेकंदाला ०.०८ व्होल्ट, गुणिले ११, म्हणजे आउटपुटला जवळपास ०.९ व्होल्ट. पंधरा सेकंदांचा हिशेब जुळला! मल्टिमीटरचे १० मेगाओहम हाच काय तो रस्ता होता : ०.८ गुणिले ११, म्हणजे ८.८ व्होल्ट.

रिकाम्या पॅडवर १०० किलोओहम टाकला. आता पिनेवर फक्त ८ मिलिव्होल्ट, आउटपुटला ८८. आणि १.६ हर्ट्झच्या वरचा सगळा आवाज आत येतो.

एक सावधगिरी. काही बोर्डांवर कनेक्टरजवळ ५० ओहमचं टर्मिनेशन असतं. ते जनरेटरसाठी, माइक लावताना काढा, नाहीतर सिग्नल दबतो. शिवाय ते कपॅसिटरच्या अलीकडे असेल, तर बायस करंटला त्याचा काहीच उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आयसी फेकण्याआधी दोन्ही इनपुट पिनांवर बोट ठेवा आणि विचारा : इथून डीसीला वाट आहे का? आमचा भुंगा व्हायवाच्या सकाळी ऐकू आला.