धंदा बुडाला म्हणजे नेमके काय झाले? मुळशीच्या संदर्भात काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्यवसाय तोट्यात जाणे, देणी वेळेवर फेडता न येणे आणि व्यवसायाची संस्था कायद्याने बंद होणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाणे अटळ नसते, पण बोलण्यात तिन्हींना सरसकट 'धंदा बसला' असे म्हटले जाते आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ या सरमिसळीत असते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातील कंपन्या, पिरंगुट, उरवडे आणि घोटावडे परिसरातील लहानमोठे कारखाने, भूगाव-भुकूम पट्ट्यातील मंगल कार्यालये आणि हॉटेले, ताम्हिणीकडे जाणाऱ्या पावसाळी पर्यटकांवर चालणारी रिसॉर्टे असे उद्योगांचे जवळजवळ सगळे प्रकार या एका तालुक्यात आहेत आणि देशात गाजलेल्या एका मोठ्या व्यावसायिक अपयशाची भूमीही हाच तालुका आहे. ते अपयश म्हणजे लवासा.

मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे आणि आसपासच्या गावांच्या जमिनींवर उभ्या राहू लागलेल्या या खासगी गिरिनगरीची मुख्य प्रवर्तक हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही होती. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या या बांधकाम कंपनीची लवासा कॉर्पोरेशन ही उपकंपनी हा प्रकल्प उभारत होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवण्याचा आदेश दिला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अटींसह पहिल्या टप्प्याला पर्यावरण मंजुरी मिळाली, परंतु दरम्यान व्याज वाढत राहिले, घरांची विक्री मंदावली आणि भांडवल बाजारातून पैसा उभारण्याचा बेतही तडीस गेला नाही. ३० ऑगस्ट २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्धची दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली.

या प्रसंगाकडे पाहताना होणारा पहिला गैरसमज असा, की कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणजे ती संपली आणि आता तिची मोडतोड होऊन लिलाव होणार. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हा कायदा मुळात उलट क्रमाने विचार करतो. याचिका दाखल होताच संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन कारभार तात्पुरत्या व्यावसायिकाकडे, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या परवानाधारक तज्ज्ञाकडे, जातो. वसुलीचे दावे आणि जप्त्या थांबवणारी अधिस्थगनाची तरतूद लागू होते. कर्ज देणाऱ्या वित्तीय धनकोंची समिती बनते आणि कंपनी चालू ठेवून देणी भागवण्याची योजना मागवली जाते. योजना मिळाली नाही किंवा समितीने नाकारली, तरच अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून धनकोंत वाटणी, हा मार्ग उरतो. लवासाच्या बाबतीत जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीची १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. एकूण दावे ६,६४२ कोटी रुपयांचे असल्यामुळे देऊ केलेली रक्कम एक तृतीयांशाहूनही कमी होती आणि तीही आठ वर्षांत मिळणार होती. योजनेची अंमलबजावणीच न झाल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करण्यास सांगितले.

संहितेतील मुदत मात्र न्यायालयीन वाद धरूनही ३३० दिवसांची आहे. कायद्यातील दिवस आणि प्रत्यक्षातील वर्षे यांतील हे अंतर ही या कायद्याची सर्वांत दुबळी बाजू आहे, आणि त्याची किंमत प्रवर्तकापेक्षा इतरांना जास्त मोजावी लागते: अपूर्ण घरांचे हप्ते भरणाऱ्या खरेदीदारांना, बिले थकलेल्या कंत्राटदारांना आणि पर्यटनावर विसंबून राहिलेल्या स्थानिक कुटुंबांना. घर खरेदीदारांना जून २०१८ च्या अध्यादेशाने वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला, म्हणजे बँकांबरोबर समितीत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळाला. माल किंवा सेवा पुरवणारा मात्र 'व्यवहारी धनको' गणला जातो, आणि वाटणीच्या क्रमात त्याचे स्थान बरेच खाली असते.

'प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे घराला धोका नाही'

पिरंगुटच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यापासून हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत सर्वत्र आढळणारा हा समज अर्धसत्य असल्यामुळेच घातक ठरतो. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असून भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागांपुरती मर्यादित असते हे खरे. परंतु बँक लहान कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी बहुधा घेते, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, त्यामुळे बँकेला आधी कंपनीकडे वसुली करून मग जामीनदाराकडे यावे लागत नाही. कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ललितकुमार जैन प्रकरणात २१ मे २०२१ रोजी स्पष्ट केले आहे. एकल मालकीच्या दुकानात किंवा भागीदारी संस्थेत तर मर्यादित जबाबदारी मुळातच नसते. गावकीतील संकोचापोटी चुलत्याच्या किंवा मेहुण्याच्या कर्जावर जामीनदार म्हणून सही करणारा माणूस बहुधा ही गोष्ट वसुलीची नोटीस घरी आल्यावर जाणतो.

मुळशीत याला जमिनीचा एक खास पैलू आहे. थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने दिला असला, तरी त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीला त्यातून वगळले आहे. म्हणून 'जमिनीला बँक हात लावू शकत नाही' असे म्हटले जाते. ही सूट प्रत्यक्ष शेती होत असलेल्या जमिनीला आहे. रिसॉर्ट किंवा गोदामासाठी जमीन 'एनए' करून, म्हणजे अकृषिक परवानगी घेऊन, गहाण ठेवली की हे संरक्षण उरत नाही, आणि साठ दिवसांच्या मागणी नोटिशीनंतर बँक ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. शिवाय शेतजमिनीवरील तारणही दिवाणी न्यायालयामार्फत वसुलीपासून मुक्त नसते. कर्ज फिटल्यावर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यायचा राहून गेला, तर जुने कर्ज नव्या व्यवहाराच्या आड येते. ही नोंद आपोआप पुसली जात नाही, त्यासाठी बँकेच्या दाखल्यासह अर्ज करून फेरफार नोंदवून घ्यावा लागतो.

'कर्ज बुडाले की तुरुंग'

नेमकी याच्या उलट भीतीही तितकीच पसरलेली आहे, आणि ती अनेकदा माणसाला गाव सोडायला किंवा त्याहून भीषण टोकाला नेते. परतफेड न होणे हा स्वतःहून गुन्हा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी तुरुंगाची तरतूद असली, तरी ऋणको ऐपत असूनही अप्रामाणिकपणे टाळाटाळ करत असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय केवळ दारिद्र्यापोटी त्याला कैदेत टाकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० मध्येच दिला. त्याच संहितेचे कलम ६० कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे जप्तीतून वगळते.

गुन्हा कोठे सुरू होतो हे समजण्यासाठी पैशांची वर्गवारी करणे उपयोगी पडते. स्वतःचे भांडवल बुडाले तर कायदा काही म्हणत नाही. कर्जाचे पैसे प्रामाणिक व्यवहारात बुडाले तर तो दिवाणी प्रश्न असतो. परंतु जे पैसे उद्योजकाकडे दुसऱ्याच्या वतीने जमा असतात, ते वापरून टाकणे ही वेगळी बाब आहे. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्राहकाकडून घेतलेला वस्तू व सेवा कर आणि मुळाशी कापलेला आयकर हे तिन्ही या वर्गात येतात, आणि ते न भरल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते. चणचणीच्या काळात बँकेचा हप्ता वेळेवर जावा म्हणून भविष्यनिर्वाह निधी मागे ठेवणारा उद्योजक अब्रू राखतो आहे असे त्याला वाटत असते. वस्तुतः तो दिवाणी देणे फेडून फौजदारी देणे अंगावर घेत असतो. न वटलेल्या धनादेशाचेही तसेच आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात असली तरी सही करणाऱ्या संचालकाला ते संरक्षण मिळत नाही. मुदतवाढ मागणाऱ्या पुरवठादारांना पुढच्या तारखांचे धनादेश वाटत सुटणे हा म्हणूनच संकटकाळातला सर्वांत वाईट सल्ला होय.

'हेतुपुरस्सर थकबाकीदार' हा शिक्का सर्वच थकबाकीदारांवर बसत नाही, हेही येथे नोंदवायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पंचवीस लाख रुपये किंवा अधिक थकबाकी असून ऐपत असताना परतफेड टाळणे, कर्जाचा पैसा अन्यत्र वळवणे, तो लंपास करणे किंवा तारण परस्पर विकणे यांपैकी काही सिद्ध व्हावे लागते, आणि त्याआधी कर्जदाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

'बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे'

नैतिक भावना म्हणून ही गोष्ट आदरणीय असली, तरी हिंदू कायद्यातील हे 'पवित्र कर्तव्य' ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरते संपुष्टात आले आहे. वारस मिळालेल्या वारशाच्या मर्यादेतच जबाबदार असतो. त्याने स्वतः जामीनदार म्हणून सही केली असेल, तर अर्थातच गोष्ट वेगळी.

'शटर ओढले की धंदा बंद'

दुकानाला कुलूप लावल्याने नोंदणी बंद होत नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते, आणि गुमास्ता परवाना व भविष्यनिर्वाह निधीचे खाते यांबाबतही कळवावे लागते. कंपनीचे कामकाज थांबवून वार्षिक विवरणपत्रे भरणेच सोडून दिले, तर सलग तीन वर्षांच्या कसुरीनंतर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. म्हणजे पहिल्या कंपनीच्या अपयशापेक्षा तिच्या निष्काळजी समाप्तीमुळे दुसरी कंपनी काढण्याचा मार्ग अडतो. देणी नसलेल्या बंद कंपनीला कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४८ खाली नोंदवहीतून नाव काढून घेता येते.

एकल मालकाला दिवाळखोरीचा मार्ग नाही, हा समजही चूक आहे. २०१६ च्या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला असल्याने मुळशीतील दुकानदार किंवा वाहतूकदार यांना आजही प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० चा आधार घ्यावा लागतो. पाचशे रुपयांच्या देण्यावर अर्ज करण्याची मुभा देणारा हा शंभर वर्षांपूर्वीचा कायदा जुनाट आहे, परंतु मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करून उरलेल्या बहुतेक देण्यांतून मुक्ती मिळवण्याची वाट त्यात आहे.

'एकदा बुडालेल्याला पुन्हा कोणी उभे करत नाही'

पत माहिती कंपन्या कर्जाची नोंद किमान सात वर्षे जपतात, आणि तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या खात्यावर पूर्ण फेडीपेक्षा वेगळी खूण राहते, त्यामुळे पुढचे कर्ज अवघड होते हे नाकारण्यात अर्थ नाही. अवघड आणि अशक्य यांत मात्र फरक आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या प्रवर्तकांना नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम २४० अ ने विशेष सवलत दिली असून, ते हेतुपुरस्सर थकबाकीदार नसतील तर स्वतःच्याच अडचणीतील कंपनीसाठी पुनर्रचनेची योजना मांडू शकतात. २०२१ पासून अशा उद्योगांसाठी पूर्वनियोजित प्रक्रियाही उपलब्ध आहे, ज्यात कारभार प्रवर्तकाच्याच हाती राहतो. इतिहासातील दाखलाही याच दिशेचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर बेळगावात प्रारंभी खपेनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे जागाही सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना नव्याने उभा राहिला. त्यांनी नांगर सोडला नाही, ठिकाण आणि आश्रयदाता बदलला; अपयशानंतर सर्वस्वी वेगळाच धंदा करावा या लोकप्रिय सल्ल्याला हे उदाहरण छेद देते.

मुळशीत बुडालेल्या अनेक व्यवसायांचे भांडवल जमीन विक्रीतून आलेले असते, आणि असा पैसा कोणा बँकेच्या छाननीतून न गेल्याने तो किती काळ पुरेल याचा हिशेबच मांडला जात नाही. दुसऱ्या प्रयत्नात म्हणून पहिली गरज भांडवलाची नसते, येणे वेळेवर वसूल करण्याची असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागून सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. मात्र मोठा ग्राहकच दिवाळखोरीत गेला, तर अधिस्थगनामुळे ही वसुलीही थांबते; त्यामुळे तक्रार करण्याची वेळ ग्राहक चालू असतानाच असते.

बँकेशी बोलण्याचेही तसेच आहे. हप्ता चुकल्याच्या पहिल्या महिन्यापासून खाते 'विशेष उल्लेखित' गटात जाते आणि नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरते. पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी पुनरुज्जीवनाची चौकट रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये घालून दिली असून, तिच्याखाली अर्ज करण्याचा हक्क उद्योजकाला स्वतःलाही आहे. हप्ता चुकणार असे दिसू लागताच हा अर्ज लेखी द्यावा आणि शाखेकडून त्याची पोच घ्यावी.